सध्या कोणतं रहस्य वाचताय? रहस्यकथा आणि थरारकथा वाचणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रहस्यकथा वाचणारी दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला, "सध्या काय वाचतोयस?" आणि उत्तर सुरू व्हायच्या आतच पुढचं वाक्य येतं, "पण शेवट सांगू नकोस हं!" या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत नेमकं बोलायचं काय आणि कसं, यावर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं एका वाचकाची आहेत, त्यामुळे त्यांत मतं आहेत आणि काही ठाम आहेत.

पुस्तक अजून अर्ध्यावर आहे. मग त्यावर मत कसं देऊ?

अर्ध्यावर असताना तर द्याच. इतर कादंबऱ्यांबद्दल अर्ध्यातलं मत कच्चं ठरतं, हे मान्य. रहस्यकथेचं तसं नाही. लेखकाने सगळी मांडणी केलेली असते ती अजून उत्तर माहीत नसलेल्या वाचकासाठी. कुणावर संशय जातो, कुणावरून उडतो, कुठलं वाक्य उगाच लक्षात राहतं, ही सगळी या प्रकारच्या वाचनाची खरी मिळकत आहे आणि ती मधल्या पानांवरच असते. शेवटचं प्रकरण वाचून झालं की ती हातातून जाते. मग प्रत्येकजण म्हणतो, "मला आधीपासूनच वाटत होतं." वाटत असेलही, पण आठवण नंतर सोयीची होते. म्हणून वाटतंय तेव्हाच बोलावं किंवा लिहून ठेवावं.

'एलरी क्वीन' या नावाने लिहिणाऱ्या दोन चुलतभावांनी १९२९ पासूनच्या आपल्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांत एक धीट प्रयोग केला. शेवटाच्या थोडं आधी कथा थांबवायची आणि वाचकाला थेट आव्हान द्यायचं : सगळे पुरावे आता तुमच्याही हातात आहेत, सांगा गुन्हेगार कोण! लेखक स्वतःच वाचकाचं अर्धवट मत मागतोय, याहून मोठी परवानगी कोणती हवी?

मत देताना चार गोष्टी सांगितल्या की भागतं. कुठवर वाचून झालं, संशय कुणावर आहे, तो कशाच्या आधारावर आहे, आणि काय जुळत नाहीये. यातली चौथी गोष्ट सगळ्यांत मोलाची. "नोकराणी म्हणते दार आतून बंद होतं, पण दोन प्रकरणं आधी तीच त्या दारातून बाहेर आली होती", अशी एखादी न जुळणारी गोष्ट सांगणारा वाचक मला दहा "मस्त आहे, खिळवून ठेवतं" म्हणणाऱ्यांपेक्षा जवळचा वाटतो. एक पथ्य मात्र पाळावं. समोरच्याने तेच पुस्तक सुरू केलं असेल तर तो कुठवर आलाय हे आधी विचारून घ्यावं.

स्पॉयलर नेमका कशाला म्हणायचा? खुन्याचं नाव घेतलं नाही म्हणजे झालं ना?

नाही, तेवढ्याने होत नाही. नाव न घेताही पुस्तक फोडता येतं, आणि बहुतेक वेळा ते तसंच फुटतं.

"शेवटचा ट्विस्ट बघ, हादरशील" हे वाक्य निरुपद्रवी वाटतं. ऐकणारा मात्र त्यानंतर प्रत्येक पान संशयाने उलटतो, आणि लेखकाने ज्या बेसावध क्षणासाठी तीनशे पानं राबवलेली असतात तो क्षण वाया जातो. "दुसऱ्या खुनानंतर वेग येतो" म्हटलं की दुसरा खून कळला. "तो डॉक्टर मला फार आवडला, शेवटपर्यंत" म्हटलं की डॉक्टर शेवटपर्यंत जिवंत आहे हे कळलं, आणि बहुधा निर्दोष आहे हेही.

सगळ्यांत घातक म्हणजे तुलना. "अगदी त्या अमक्या पुस्तकासारखं आहे" असं कुणी म्हणालं आणि ऐकणाऱ्याने त्यातलं एक वाचलेलं असलं, तर दुसऱ्याचा शेवट त्याला जागच्या जागी मिळतो. म्हणून तुलना करायचीच तर वातावरणाची करावी, काळाची करावी, भाषेची करावी. युक्तीची कधीही करू नये.

मराठीत बोलताना आणखी एक सापळा आहे, आणि तो आपल्या क्रियापदात लपलेला आहे. "खुनी शेवटी पकडली जाते" एवढं म्हटलं की निम्मे संशयित बाद! आपण बोलण्याच्या ओघात हे सहज करून जातो. त्यावरचा सोपा उपाय म्हणजे 'खुनी व्यक्ती' म्हणायचं. व्यक्ती नेहमी 'येते' आणि 'जाते', त्यामुळे पुरुष की बाई हे झाकलेलं राहतं. किंवा "खून कुणी केला हे कळतं" अशी वाक्याची बांधणीच बदलायची. सवय झाली की जड जात नाही.

मग सांगायला उरतं काय? मलपृष्ठावर छापलेलं सगळं, पहिल्या पाव भागातलं बहुतेक सगळं, जागा, काळ, माणसांचे स्वभाव, तपास करणाऱ्याची पद्धत, लेखकाची भाषा आणि तुमचा स्वतःचा संशय. हे पुष्कळ आहे.

शंभर वर्षं जुन्या पुस्तकाचा शेवट सांगायला काय हरकत? आता सगळ्यांना माहीत असतो.

सगळ्यांना कधीच माहीत नसतो. आज कुणीतरी आठवीत आहे आणि वाचनालयातून पहिल्यांदा शेरलॉक होम्स घरी नेतंय. त्याच्यासाठी ते पुस्तक आजचं आहे.

ॲगथा ख्रिस्तीचं 'द माउसट्रॅप' हे नाटक लंडनच्या वेस्ट एंडमध्ये २५ नोव्हेंबर १९५२ रोजी सुरू झालं. करोनामुळे २०२० च्या मार्चमध्ये पडदा पडला आणि २०२१ च्या मे महिन्यात पुन्हा उघडला. तो खंड सोडला तर ते चालूच आहे. प्रयोग संपल्यावर प्रेक्षकांना विनंती केली जाते की खुनी कोण हे बाहेर सांगू नका. इतक्या वर्षांत ही विनंती लाखो अनोळखी लोकांनी बऱ्यापैकी पाळली आहे. मला या गोष्टीचं खरोखर अप्रूप वाटतं. नाटक टिकलं त्यात प्रेक्षकांच्या या सौजन्याचा वाटा आहे, आणि वाचकांनाही तेवढं जमायला हरकत नाही.

थरारकथेलाही हेच नियम लावायचे का?

थोडे सैल करून. रहस्यकथेत घडून गेलेल्याचा शोध असतो, थरारकथेत घडू पाहणाऱ्याची धास्ती. दुसऱ्या प्रकारात शेवट माहीत असूनही वाचन टिकतं.

फ्रेडरिक फॉर्सिथचं 'द डे ऑफ द जॅकल' १९७१ मध्ये आलं. विषय : फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांना मारण्यासाठी नेमलेला भाडोत्री मारेकरी. द गॉल तर १९७० मध्ये आपल्या घरी नैसर्गिक मृत्यूने गेले होते. म्हणजे पुस्तक उघडणाऱ्या प्रत्येकाला कट फसणार हे पहिल्या पानाआधीच ठाऊक होतं. तरीही ते हातातून सुटत नाही, कारण प्रश्न "मारतो का?" असा नसतोच. खोटा पासपोर्ट कसा मिळवला, बंदूक कुणाकडून कशी बनवून घेतली, पोलीस त्याच्या किती मागे आहेत, या कारागिरीवर सगळा ताण उभा आहे. अशा पुस्तकावर मत देताना ती कारागिरी खुशाल उलगडून सांगा. फक्त पाठलागाच्या शेवटच्या टप्प्यातले डावपेच राखून ठेवा.

मधली एक जात आहे ती फार अवघड. केइगो हिगाशिनोच्या 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' मध्ये (मूळ जपानी पुस्तक २००५ चं) खून कुणी केला हे सुरुवातीलाच आपल्या डोळ्यांदेखत कळतं. शेजारी राहणारा गणिताचा शिक्षक तो लपवायला मदत करतो, हेही कळतं. वाचकाला वाटतं, आता लपवण्यासारखं उरलंय काय? तिथेच तो फसतो. या पुस्तकाला जपानमध्ये नाओकी हा साहित्य पुरस्कार मिळाला आणि त्याच सुमारास वाद पेटला, की वाचकाला पुरेसे पुरावे दिले आहेत का आणि याला खरी कोड्याची रहस्यकथा म्हणावं का. हिंदीत २०२३ मध्ये आलेला 'जाने जान' याच कादंबरीवर आहे. चित्रपट आधी पाहिलेला असेल तर तसं सांगून मगच पुस्तकावर मत द्यावं. तो वाचनाचा अनुभव वेगळा असतो.

खुनी मला आधीच कळला. म्हणजे पुस्तक वाईट ना?

कसा कळला, त्यावर आहे.

ओळखण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक पुराव्यावरून : अमुक वेळ जुळत नाही, तमुक माणसाला ती खोली माहीत असण्याचं कारण नव्हतं. दुसरी सवयीवरून : "हा फारच सज्जन दाखवलाय, म्हणजे हाच." दुसऱ्या तऱ्हेने ओळखणं म्हणजे लेखकाशी नाही, तर आधी वाचलेल्या पुस्तकांशी खेळणं. त्यात पुस्तकाचा दोष असेलच असं नाही. शंभर रहस्यकथा वाचलेल्या माणसाला सज्जन माणूस दिसला की खटकतोच.

पुराव्यावरून ओळखलं असेल तर माझ्या मते ते पुस्तकाचं यश आहे. लेखकाने प्रामाणिकपणे पुरावा ठेवला म्हणूनच तो सापडला. ख्रिस्तीचं कसब याच बाबतीत आहे. ती पुरावा लपवत नाही, घरगुती गप्पांत ठेवून देते. चहाच्या वेळी कुणीतरी मेणबत्त्यांबद्दल किंवा बागेबद्दल बडबडतं, आपण ती पानं भरभर उलटतो, आणि हवं ते तिथेच असतं. पहिल्या महायुद्धात तिने टॉर्कीच्या रुग्णालयात औषधं तयार करण्याचं काम केलं होतं. तिथे विषांची जी माहिती झाली ती तिच्या पहिल्या कादंबरीपासून कामी आली. विषाची मात्रा, चव, परिणामाला लागणारा वेळ हे सगळं तिच्याकडे नेमकं असतं, म्हणून तिच्या पुस्तकात वेळेचा हिशेब मांडत बसणाऱ्या वाचकाला खरोखर फळ मिळतं.

तेव्हा "ओळखला" एवढंच सांगू नका. कुठल्या प्रकरणात आणि कशावरून, ते सांगा. (ज्यांनी वाचलंय त्यांनाच!)

शेवट पटला नाही. पण शेवट न सांगता हे कसं सांगायचं?

नापसंतीचा प्रकार सांगायचा. शेवट तीन कारणांनी बिनसतो आणि तिन्ही कारणं गुपित न फोडता सांगता येतात.

पहिलं कारण अन्यायाचं. उत्तर काढायला लागणारी माहिती वाचकाला दिलीच नव्हती. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम लिहिले ते याच रागातून. भुताखेतांचा आधार नको, एकापेक्षा जास्त गुप्त खोल्या नकोत, वाचकाची आधी तयारी करून न देता जुळे भाऊ आणू नयेत. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये 'डिटेक्शन क्लब' स्थापन झाला. त्यात येणाऱ्या लेखकांना वाचकापासून महत्त्वाचा पुरावा न लपवण्याची शपथ घ्यावी लागे.

दुसरं कारण अशक्यतेचं. पुरावे होते, पण असं कुणी करू शकेल हे पटत नाही. तिसरं माझ्या दृष्टीने सगळ्यांत गंभीर : कोडं चोख सुटतं, पण माणसाने असं का केलं हे मनाला भिडत नाही. खून करण्याइतकं दुःख किंवा लोभ त्या माणसात आपल्याला आधी कुठे दिसलेलाच नसतो.

शेवटावरून भांडण कसं करावं याचं नमुनेदार उदाहरण म्हणजे १९२६ मधलं 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड'. ख्रिस्तीने फसवणूक केली असं म्हणणारे वाचक तेव्हाही होते आणि आजही आहेत. डोरोथी सेयर्ससारखी त्याच क्षेत्रातली मातब्बर लेखिका तिच्या बाजूने उभी राहिली. माझं मत विचाराल तर पुस्तक न्याय्य आहे, आणि दुसऱ्यांदा वाचताना ते अधिकच न्याय्य वाटतं. पाहा, एवढं बोलूनही ज्यांनी ते वाचलेलं नाही त्यांचं काही बिघडलं नाही. दुसरं वाचन हीच रहस्यकथेची खरी कसोटी आहे. उत्तर माहीत असताना पुन्हा वाचावं आणि लेखकाचं एकही वाक्य खोटं सापडू नये!

जुन्या मराठी रहस्यकथा आज वाचल्या तर काय वाटतं? सुरुवात कुठून करावी?

बाबूराव अर्नाळकरांपासून. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणारा हा माणूस. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू ही त्यांची माणसं दोन-तीन पिढ्यांच्या तोंडी होती. आज त्या वाचणाऱ्यांची एक तक्रार हमखास येते, की यात पुरावे जुळवायला काही मिळत नाही, नायक वेषांतर करतो, मोटारीतून पाठलाग करतो, मारामारी करतो आणि गुन्हेगार पकडला जातो. तक्रार खरी आहे, पण अपेक्षा चुकीच्या जागी ठेवली आहे. अर्नाळकरांची जात ख्रिस्तीची नाहीच, ती वेगवान साहसकथेची आहे. त्या कथा एका बैठकीत वाचा, वाक्यं किती छोटी आणि स्वच्छ आहेत ते बघा, प्रकरण कुठे तोडलंय ते बघा. अडखळत वाचणाऱ्या कित्येकांना सलग वाचायची सवय या पुस्तकांनी लावली, आणि त्या काळच्या मुंबईच्या रस्त्यांवरून ती फिरवून आणतात. हे ऋण मोठं आहे. ते मानताना संकोच वाटू नये.

पुढे गुरुनाथ नाईक, त्यांच्याही नावावर हजाराहून अधिक पुस्तकं. मग सुहास शिरवळकर. 'दुनियादारी' मुळे ते आज तरुणांना वेगळ्या कारणासाठी ठाऊक आहेत, पण दारा बुलंद, फिरोझ इराणी आणि बॅरिस्टर अमर विश्वास यांच्या मालिका वाचल्याशिवाय शिरवळकर पुरते कळत नाहीत. संवादांचा तो तडफदारपणा मराठीत पुन्हा फारसा दिसला नाही. अमर विश्वासची कोर्टातली प्रकरणं सर्वांत आधी घ्या. तिथे युक्तिवादाला पुराव्याचा आधार लागतो, त्यामुळे कोड्याची आवड असलेल्यांना ती जास्त भावतात.

नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांना अनेकजण याच कप्प्यात टाकतात. धारपांचं मुख्य काम भयकथेचं आणि मतकरींचं गूढकथेचं. तिथे उत्तर मिळेलच अशी हमी नसते, किंबहुना न मिळण्यातच त्यांची ताकद आहे. म्हणून मतकरींची कथा वाचून "शेवट स्पष्ट नव्हता" अशी नापसंती कुणी नोंदवली की मी वाद घालते. आजच्या लेखकांत हृषीकेश गुप्ते या वाटेने पुढे गेले आहेत. दिवाळी अंकांत 'धनंजय' आणि 'नवल' यांनी रहस्य, गूढ आणि विज्ञान या कथांना वर्षानुवर्षं जागा दिली. एखाद्या लेखकाची ओळख करून घ्यायला दिवाळी अंकातली एक कथा पुरते.

घरात दहा-बारा वर्षांचं मूल असेल तर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा बनेश फेणे आजही पळायला लावतो.

आपल्या मुलखाशी नातं असलेलं, पण दुसऱ्या भाषेत लिहिलेलं काही?

भरपूर, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ब्योमकेश बक्षी हा बंगाली सत्यान्वेषी आपल्याला दूरदर्शनवरच्या १९९३ च्या मालिकेमुळे घरचा झाला. त्याचे जनक शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी १९३२ ते १९३६ या काळात त्याच्या दहा कथा लिहिल्या आणि थांबले. १९३८ मध्ये ते बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहायला मुंबईत आले. दीड दशक ब्योमकेश गप्प होता. १९५१ मध्ये त्यांनी त्याला पुन्हा हाती घेतलं, पुढच्या वर्षी सिनेमा सोडला आणि पुण्यात स्थायिक झाले. म्हणजे कोलकात्याच्या गल्ल्यांतल्या त्या नंतरच्या अनेक कथा पुण्यात बसून लिहिल्या गेल्या! नंतरच्या कथांत ब्योमकेश प्रौढ झालाय, संसारी झालाय, गुन्ह्यांमागे फाळणीनंतरची ओढाताण दिसते. मला त्या पहिल्या दहांपेक्षा खोल वाटतात. 'शैलरहस्य' ही कथा तर थेट महाबळेश्वरच्या एका हॉटेलात घडते आणि ब्योमकेश ती पत्रांतून आपल्या मित्राला, अजितला, कळवतो. थंडीत वाचावी. याहून जास्त सांगणार नाही.

सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा १९६५ मध्ये 'संदेश' या मुलांच्या मासिकात अवतरला. त्याची एक मोहीम मूर्तिचोरांच्या मागे वेरूळच्या लेण्यांपर्यंत येते, आणि दुसरी मुंबईच्या सिनेमासृष्टीत घडते. वेरूळ पाहून आलेल्याने ती पहिली अवश्य वाचावी. कैलास लेण्याचा भूगोल कथेत किती नीट वापरलाय ते जाणवतं.

इंग्रजीत एच. आर. एफ. कीटिंग यांनी १९६४ मध्ये 'द परफेक्ट मर्डर' लिहून मुंबई पोलिसांचा इन्स्पेक्टर घोटे जन्माला घातला. तेव्हा कीटिंग यांनी भारतात पाऊलही ठेवलेलं नव्हतं, ते सुमारे दहा वर्षांनी इथे आले. मुंबईकर वाचकाला चुका दिसतील. पण वरिष्ठांच्या धाकात, बायकोच्या अपेक्षांत आणि आपल्या प्रामाणिकपणात अडकलेला घोटे माणूस म्हणून पटतो, आणि म्हणून मी त्याच्या बाजूने बोलते.

सुजाता मॅसी यांची परवीन मिस्त्री ही १९२१ च्या मुंबईतली पारशी वकील. 'द विडोज ऑफ मलबार हिल' (२०१८) मध्ये पडद्यात राहणाऱ्या तीन विधवांच्या वारशाचं प्रकरण तिच्याकडे येतं. जनानखान्यात पुरुष वकील जाऊ शकत नाही, ती जाऊ शकते. तपासाचं सगळं बळ या एका गोष्टीत आहे. या पात्रामागे वकील कॉर्नेलिया सोराबजी यांची प्रेरणा आहे. त्यांचा जन्म १८६६ चा, नाशिकचा, आणि शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात झालं. एवढं ठाऊक असलं की पुस्तक आणखी जवळचं होतं.

अनुवादित रहस्यकथेवर मत देताना काय पाहावं?

वर क्रियापदाच्या सापळ्याबद्दल सांगितलं, तो अनुवादकाच्या वाटेवर पानोपानी असतो. बंगालीत क्रियापदावरून किंवा सर्वनामावरून लिंग कळत नाही, जपानीत क्रियापदावरून कळत नाही, इंग्रजीत "मी आत गेलो" आणि "मी आत गेले" एकच. काळोखात कुजबुजणारा आवाज मूळ लेखकाने मुद्दाम अनोळखी ठेवलेला असतो आणि मराठीत त्याला 'तो' किंवा 'ती' म्हणावंच लागतं. चांगला अनुवादक अशा जागी सावली, आकृती, आवाज यांना कर्ता करून निभावून नेतो. असं निभावलेलं दिसलं तर मत देताना अनुवादकाचं नाव घेऊन सांगा. आपल्याकडे अनुवादकाला फार क्वचित शाबासकी मिळते.

बाकी, संक्षिप्त अनुवाद असेल तर ते आधी नमूद करावं. गाळलेल्या परिच्छेदातच पुरावा असण्याची शक्यता असते.

मालिका क्रमानेच वाचायची का?

होम्सच्या ४ कादंबऱ्या आणि ५६ कथा कुठूनही घ्या, कथांपासून सुरुवात केली तर बरं. ख्रिस्तीचा गुप्तहेर पोआरो याचं पहिलं पुस्तक १९२० चं आणि शेवटचं, 'कर्टन', १९७५ चं. मधली कशीही, पण 'कर्टन' सर्वांत शेवटी. आजच्या बहुतेक मालिकांत तपास अधिकाऱ्याचं घरचं आयुष्य पुढे सरकत जातं, तिथे क्रम पाळावा.

सत्य घटनांवरची पुस्तकं याच गप्पांत घ्यावीत का?

घ्यावीत, पण आवाज बदलावा. मानवतचं १९७२ ते १९७४ मधलं हत्याकांड किंवा पुण्यातलं १९७६-७७ चं जोशी-अभ्यंकर हत्याकांड यांवरचं लेखन वाचणारे खूप आहेत. इथे शेवट लपवण्याचा प्रश्न नाही, निकाल जगजाहीर आहेत. पुण्याच्या खटल्यातल्या चौघांना १९८३ मध्ये फाशी झाली. इथे मत द्यायचं ते वेगळ्या गोष्टीवर : लेखकाने मेलेल्या माणसांना माणूस म्हणून उभं केलं का, की फक्त मारणाऱ्यांच्या डोक्यात रमला? त्या घरांतले लोक आजही आपल्यात आहेत. "थरारक", "मजा आली" हे शब्द अशा पुस्तकासाठी वापरू नयेत, असं मला मनापासून वाटतं.

पाचपैकी किती तारे द्यावेत?

एकच आकडा देण्यापेक्षा कोडं, माणसं आणि भाषा यांवर वेगवेगळं एकेक वाक्य लिहा. कोड्यासाठी वाचणारा आणि माणसांसाठी वाचणारा, दोघांनाही आपापलं उत्तर मिळतं.

अर्ध्यात सोडलेल्या पुस्तकावर बोलता येतं का?

येतं. कुठे सोडलं आणि का, ते सांगा. "शंभर पानांत एकही संशयित उभा राहिला नाही" हे पूर्ण मत आहे.

ऑडिओबुक ऐकून दिलेलं मत चालतं का?

चालतं, फक्त ऐकलंय हे सांगा. मागे जाऊन पुरावा तपासणं त्यात कठीण असतं, आणि एखादा वाचक-कलाकार पात्राला असा कपटी आवाज देतो की लेखकाने नसलेला संशय तयार होतो. लांब प्रवासात मात्र थरारकथा ऐकण्यासारखं सुख नाही.

तुम्ही स्वतः सध्या काय वाचताय?

सेइशी योकोमिझोचं 'द होनजिन मर्डर्स', इंग्रजी अनुवादातून. मूळ १९४६ चं. निम्म्याच्या जरा पुढे आहे, तेव्हा वर सांगितलेल्या पद्धतीनेच सांगते.

१९३७ चा काळ, ओकायामा भागातलं खेडं, जुन्या प्रतिष्ठित घराण्यातलं लग्न. लग्नाच्या रात्री वेगळ्या बांधलेल्या घरातून किंकाळी आणि पाठोपाठ कोतो या तंतुवाद्याचे विचित्र झंकार. आत नवरा-नवरी मृत, तलवार बाहेर बर्फात रोवलेली, आणि बर्फावर बाहेर जाणारं एकही पाऊल नाही. गावात तीन बोटांचा एक अनोळखी माणूस दिसला होता. हे सगळं सुरुवातीलाच येतं.

माझा संशय : तीन बोटांचा माणूस मला चकवा वाटतो. लेखक त्याच्याकडे फार आग्रहाने बोट दाखवतोय, आणि ज्याला लपायचं आहे तो इतक्या ठळक खुणा मागे ठेवणार नाही. हे सवयीवरून ओळखणं झालं, पुराव्यावरून नाही, त्यामुळे त्यावर पैज लावणार नाही. न जुळणारी गोष्ट : खून करून पळणारा माणूस वाद्य का वाजवेल? आणि घरातली मंडळी नवरीच्या मृत्यूपेक्षा घराण्याच्या नावाची जास्त काळजी करतात, ते मला पुराव्याइतकंच महत्त्वाचं वाटतंय. तपास करणारा किंदाइची अजागळ कपड्यांतला, डोकं खाजवणारा, अडखळत बोलणारा तरुण आहे. तो आला आणि पुस्तकात जीव आला. ज्यांचं वाचून झालंय त्यांनी कृपया फक्त "वाचत राहा" एवढंच म्हणावं.

वाचनालयाच्या पुस्तकात कुणीतरी पेन्सिलीने खुन्याच्या नावाखाली रेघ मारून 'हाच तो' लिहून ठेवलंय. आता काय करू?

संताप होतो, आणि तो रास्त आहे. आधी एक लक्षात घ्या, असं लिहिणाऱ्यांतले काही स्वतःही अर्ध्यावर असतात आणि त्यांचा अंदाज चुकलेला असतो. त्यामुळे पुस्तक टाकून देऊ नका, ती रेघ एका अनोळखी वाचकाचं मत समजून वाचा आणि पुराव्याने ते खोडता येतं का ते पाहा. त्याचं खरं निघालंच तर 'कोण' गेलं, 'कसं' आणि 'का' अजून तुमच्याकडे आहेत. पुस्तक परत करण्याआधी खोडरबर घेऊन ते अक्षर नीट पुसा, मागचं पान उजेडाकडे धरून खूण राहिली नाही ना ते बघा, आणि ग्रंथपालांच्या कानावर घाला. शाईने लिहिलेलं असेल तर त्यावर कागदाची पट्टी चिकटवून देतात.